न घेतलेल्या औषधाचे कर्ज

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना तो डॉक्टरांचा विषय वाटला असेल आणि अर्थशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने त्यात कशाला पडावे, असा प्रश्नही मनात आला असेल. विषय वैद्यकाचा आहे हे खरे. परंतु त्यातील वैद्यक समजून घ्यायला फार वेळ लागत नाही. उरलेला सारा भाग किंमत, मालकी, पुरवठा आणि सत्ता यांचा आहे. तेव्हा आधी वैद्यक उरकून घेऊ.

वस्तुस्थिती अशी आहे. आफ्रिका खंडाच्या पूर्व आणि दक्षिण भागातील खेड्यापाड्यांत एचआयव्हीची लागण झालेली, पण त्यावरील औषधाची एकही गोळी न घेतलेली माणसे तपासली, तर त्यांतील काहींच्या रक्तातला विषाणू मुळातच काही औषधांना दाद देत नाही असे आढळते. विषाणूच्या या न जुमानण्याला औषधरोध म्हणू. औषध घेऊन मधेच सोडणाऱ्याच्या शरीरात औषधरोध निर्माण झाला, तर ते आपल्याला उमजते. ज्याने औषध पाहिलेही नाही त्याच्या रक्तात तो आला कोठून? आजोबांनी काढलेल्या कर्जाचा बोजा नातवाच्या सातबाऱ्यावर निघावा, तसा हा प्रकार आहे. हे कर्ज कोणी काढले आणि कोणाच्या फायद्यासाठी काढले, एवढेच आज मला तुमच्यापुढे मांडायचे आहे.

हा विषाणू स्वतःच्या नकला काढताना सतत चुका करतो. त्या चुकांतून एखादी नक्कल अशी निघते, की जिच्यावर औषधाची मात्रा चालत नाही. एकच औषध दिले, तर हीच नक्कल तगते आणि फोफावते. १९८७ मध्ये पहिले औषध एझेडटी बाजारात आले तेव्हा नेमके हेच घडले. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकदम देण्याची पद्धत रूढ झाली आणि रोग आटोक्यात येऊ लागला. कारण एकाच वेळी तिन्ही औषधांतून निसटणे विषाणूला फार अवघड जाते.

आफ्रिकेत पुढे जी तीन औषधांची जोडणी सार्वत्रिक झाली, तिच्यातील एक औषध नेव्हिरापीन किंवा इफाविरेन्झ असे. ही दोन्ही एकाच कुळातली. त्यांचा गुण स्वस्तपणाचा. दोष असा, की विषाणूत एकच विशिष्ट बदल झाला तरी दोन्ही निकामी होतात. शिवाय गोळ्या थांबल्यावर यांचा अंश रक्तात कित्येक दिवस रेंगाळतो, तर जोडीची औषधे तुलनेने लवकर ओसरतात. म्हणजे दवाखान्यात औषधांचा खडखडाट झाला आणि रोग्याच्या गोळ्या सगळ्या एकाच दिवशी संपल्या, तरी त्याच्या शरीरात पुढे काही दिवस एकट्या औषधाचा उपचार चालू राहतो. औषधरोध निपजायला याहून अनुकूल स्थिती नाही. आणि या कुळाला न जुमानणारा तो बदल विषाणूला दुबळा करीत नाही. तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि दुसऱ्याच्या रक्तात वर्षानुवर्षे टिकून राहतो.

‘औषध न घेतलेले’ या शब्दांतही थोडी मेख आहे. पाहणीत ज्यांची गणना उपचार नव्याने सुरू करणारे म्हणून होते, त्यांतील काहींनी पूर्वी औषध घेतलेले असते. कामासाठी जोहान्सबर्ग किंवा दर्बानला गेलेला माणूस तेथे उपचार सुरू करतो, काम सुटले की गावी परततो, कागदपत्रे तिकडेच राहतात. औषध का सोडले म्हणून परिचारिका फैलावर घेईल, या भीतीने गावच्या दवाखान्यात तो पूर्वीचा उपचार सांगतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या अहवालात पूर्वी औषध घेतल्याचे सांगणाऱ्यांत या कुळाविरुद्धचा औषधरोध सुमारे २२ टक्के आणि कधीच न घेतल्याचे सांगणाऱ्यांत सुमारे ८ टक्के नोंदला आहे. दुसऱ्या आकड्यात लपवणारेही आहेत आणि ज्यांना लागणच औषधरोधी विषाणूची झाली तेही आहेत. त्यांची वाटणी नक्की करता येत नाही. लपवणाऱ्याला दोष देण्यापूर्वी मात्र हे आठवावे, की पुरुषांनी खाणीत आणि शहरात राबावे व बायकामुलांनी राखीव प्रदेशात राहावे, ही व्यवस्था गोऱ्या राजवटीने कायदे करून उभी केली होती. दोन ठिकाणी विभागलेले आयुष्य जगणाऱ्याची नोंद एका दवाखान्याच्या वहीत कशी मावणार?

आता प्रमाण पाहू. सहा आफ्रिकी देशांतील ११ ठिकाणी उपचार सुरू करणाऱ्या रोग्यांचा एक मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधरोधाचे सरासरी प्रमाण ५.६ टक्के निघाले. पण प्रिटोरियात ते १.१ टक्के होते, तर युगांडाच्या कंपालात १२.३ टक्के. युगांडात औषधे आधी पोचली, दक्षिण आफ्रिकेत उशिरा. उपचार सुरू होऊन जितकी वर्षे लोटली, तितका औषधरोध वाढलेला दिसला. २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबात पूर्व आफ्रिकेत ही वाढ दरसाल २९ टक्के, तर दक्षिणेकडील देशांत १४ टक्के आली. २०१६ पर्यंत नेव्हिरापीन-इफाविरेन्झ कुळाविरुद्धचा औषधरोध दोन्ही भागांत १० टक्क्यांच्या वर गेला होता. क्वाझुलु-नाताल प्रांताच्या उत्तरेस म्खान्याकुडे जिल्ह्यात ह्लाबिसा परिसर आहे. सारा भाग ग्रामीण आणि दरिद्री. प्रौढांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याला एचआयव्हीची लागण. तेथे आरंभी हे प्रमाण अत्यल्प होते. २०१२ ते २०१६ या काळात चाललेल्या मोठ्या प्रयोगात उपचार सुरू न झालेल्यांपैकी सुमारे दहांत एकाकडे औषधरोधी विषाणू सापडला.

या आकड्यांवरून एक निष्कर्ष सहज काढता येतो आणि तो काढलाही गेला: उपचार दिला म्हणून औषधरोध आला, तेव्हा गरिबांना उपचार देणेच घातक. या युक्तिवादाचा इतिहास सांगण्यासारखा आहे.

२००० च्या आसपास तीन औषधांचा वर्षाचा खर्च माणशी १० हजार डॉलरच्या घरात होता. आफ्रिकेला औषध देता येणार नाही, या म्हणण्यामागचे खरे कारण ही किंमत होती. पुढे येणारे कारण मात्र वेगळे असे. अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू नॅटसिओस यांनी २००१ मध्ये असे सांगितले, की ही औषधे ठरलेल्या वेळी घ्यावी लागतात आणि अनेक आफ्रिकी लोकांनी आयुष्यात कधी घड्याळ पाहिलेले नाही. सूर्य कोठे आला यावरून पेरणीचा, दूध काढण्याचा आणि बाजाराला निघण्याचा हिशेब ठेवणाऱ्या माणसांविषयी हे बोलले गेले! पाच वर्षांनी, २००६ मध्ये, दोन्हीकडचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. औषधे नीट घेणाऱ्यांचे प्रमाण उत्तर अमेरिकेत ५५ टक्के होते आणि सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत ७७ टक्के.

आमच्या अर्थशास्त्राच्या मंडळींनीही यात आपला वाटा उचलला. आफ्रिकेत प्रतिबंधावर केलेला खर्च उपचारावरील खर्चापेक्षा किमान २८ पट फलदायी असतो, असा हिशेब २००२ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्याची बेरीज-वजाबाकी चुकली नसेल. पण औषधाची किंमत ही जणू पर्जन्यमानासारखी निसर्गदत्त गोष्ट आहे, असे धरून तो हिशेब मांडला होता. किंमत ही मक्तेदारीने ठरवलेली असते, आणि मक्तेदारी कायद्याने दिलेली असते. जे कायद्याने दिले ते कायद्याने काढताही येते. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा हे जगाला दिसले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या औषधकायद्याविरुद्धचा खटला ३९ औषधकंपन्यांना मागे घ्यावा लागला. यामागे ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कँपेन या संघटनेची आणि कामगार महासंघाची रस्त्यावरची चळवळ होती. सर्वांना मिळेपर्यंत मीही औषध घेणार नाही, म्हणून अडून बसलेल्या झॅकी अख्मत यांचे नाव तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. पुढे हीच संघटना स्वतःच्या राष्ट्राध्यक्षांशी, थाबो म्बेकी यांच्या हटवादाशी लढली. २००४ मध्ये तेथे सरकारी उपचार सुरू होईतो जे गेले त्यांची गणती लाखांत आहे.

तेव्हा उपचार दिल्याने काय झाले, याचा पूर्ण हिशेब असा मांडावा लागतो. जगात एड्सने २००४ मध्ये सुमारे २१ लाख माणसे मेली. २०२४ मध्ये ६ लाख ३० हजार. औषधरोध वाढला तो या वाचलेल्यांतून. मेलेल्या माणसाच्या रक्तात औषधरोध निपजत नाही, हे खरे; पण याला कोणी आरोग्यधोरण म्हणणार असेल तर म्हणो बापडे!

तथापि, उपचार देणे आणि उपचार कसाबसा देणे यांत अंतर आहे, आणि कर्जाची खरी नोंद या अंतरातच सापडते. १९९९ मध्ये युगांडातील एका चाचणीतून असे दिसले, की बाळंतपणात आईला नेव्हिरापीनची एकच मात्रा आणि बाळाला एकच मात्रा दिली, तर बाळाला होणारी लागण जवळजवळ निम्म्याने घटते. खर्च नगण्य होता, म्हणून ही पद्धत सर्वत्र पसरली, आणि तिने असंख्य बालके वाचवली हे नाकारण्याचे कारण नाही. पण एकट्या औषधाने काय होते ते एझेडटीच्या अनुभवातून आधीच माहीत होते. त्या चाचणीतील स्त्रियांत काही आठवड्यांतच सुमारे पाचांत एकीच्या रक्तात औषधरोध आढळला. श्रीमंत देशांतील गरोदर स्त्रीला त्या काळात तीन औषधांचा पूर्ण उपचार मिळत होता. आफ्रिकी स्त्रीला तिच्या बाळापुरते औषध मिळाले. तिच्या स्वतःच्या उपचाराची वेळ आली, तेव्हा तिच्या वाट्याच्या गोळीची धार आधीच गेलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार सहाराच्या दक्षिणेकडील नऊ देशांत नव्याने निदान झालेल्या तान्ह्या बालकांपैकी निम्म्याहून अधिकांच्या विषाणूवर ही दोन औषधे चालत नव्हती. औषध न घेतलेल्यांच्या औषधरोधाचे याहून लख्ख उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसरी नोंद पुरवठ्याची. नायजेरियाने २००२ मध्ये भारतीय औषधे आणून सरकारी कार्यक्रम सुरू केला, पण तो फुकट नव्हता. रोग्याला दरमहा शुल्क होते. २००३ च्या अखेरीस साठे संपले आणि काही केंद्रांवर तब्बल तीन महिने रोग्यांना परत पाठवावे लागले. उपचार मोफत व्हायला २००६ उजाडले. शुल्क हे किरकोळ वाटते. ज्या घरात पीक हाती आल्यावरच पैसा दिसतो, त्या घरात शुल्क म्हणजे वर्षातून काही महिने बंद पडणारा उपचार. आणि मघाशी सांगितले तसे, या औषधांच्या बाबतीत बंद पडलेला उपचार काही वेळा न दिलेल्या उपचारापेक्षा वाईट ठरतो. त्याची किंमत रोग्याबरोबर त्याच्या जोडीदारालाही मोजावी लागते.

तिसरी नोंद तपासणीची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. अमेरिका-युरोपात एकेका औषधाचा उपचार आधी होऊन गेला, म्हणून औषधरोधही तेथेच आधी निपजला. तेथील नव्या रोग्यांतही त्याचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास गेले. मग तिकडे हाहाकार का झाला नाही? कारण उपचारापूर्वी प्रत्येकाच्या विषाणूची तपासणी होते आणि जे औषध चालणार नाही ते टाळले जाते. म्खान्याकुडेतील दवाखान्यात ही तपासणी परवडत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये देशांसाठी एक मर्यादा ठरवली: उपचार सुरू करणाऱ्यांत या कुळाविरुद्धचा औषधरोध १० टक्क्यांवर गेला, तर त्या देशाने पहिल्या फळीचे औषधच बदलावे. म्हणजे श्रीमंत देशात माणसाची तपासणी होते आणि गरीब देशात देशाची. प्रमाण ९ टक्के असेल तर त्या शंभरांतील नऊ जणांना निकामी गोळी द्यायची, आणि ती निकामी आहे हे त्यांच्या प्रकृतीवरून वर्ष-दोन वर्षांनी ओळखायचे. साधने तोकडी असताना असा नियम करावा लागतो, हे मला मान्य आहे. साधने तोकडी का, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

औषध बदलायचे तर कोणते, याचे उत्तर तयार होते. डोल्युटेग्रॅविर हे औषध अमेरिकेत २०१३ पासून मिळत होते. विषाणूला त्यातून निसटणे फार कठीण जाते. आफ्रिकेपर्यंत ते पोचायला किमतीचा अडसर होता. सप्टेंबर २०१७ मध्ये भारतीय कारखान्यांशी झालेल्या करारातून टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्रॅविर यांची एकत्र गोळी वर्षाला ७५ डॉलरला मिळू लागली. २०२३ मध्ये ती ४५ डॉलरच्या खाली आली. पण येथेही स्त्रियांच्या वाट्याला उशीर आला. मे २०१८ मध्ये बोट्स्वानातील एका पाहणीतून, गर्भधारणेच्या वेळी हे औषध चालू असेल तर बाळाच्या मज्जारज्जूत व्यंग संभवते, अशी शंका निघाली. अनेक देशांनी मूल होण्याच्या वयाच्या स्त्रियांना जुन्या इफाविरेन्झवरच ठेवले. अधिक आकडे जमले तशी ती शंका विरली आणि २०१९ मध्ये स्त्रियांसह सर्वांना हे औषध देण्याची शिफारस झाली. औषधरोध तर स्त्रियांतच अधिक होता: २०१९ च्या अहवालात पुरुषांत सुमारे ८ टक्के, स्त्रियांत सुमारे १२ टक्के. काळजी घेणे योग्यच होते. पण दोन्ही धोके त्या स्त्रीपुढे मांडून निवड तिच्यावर सोपवावी, हे फार थोड्या ठिकाणी सुचले.

आज आफ्रिकेतील बहुसंख्य रोगी या नव्या गोळीवर आहेत आणि जुन्या औषधरोधाची नांगी बरीचशी मोडली आहे. तरी नव्याची सुरुवात दिसू लागली आहे. २०२४ च्या अहवालात डोल्युटेग्रॅविर घेऊनही विषाणू आटोक्यात न आलेल्यांत त्याविरुद्धचा औषधरोध ३.९ ते ८.६ टक्के आढळला. रक्तात विषाणू भरपूर असतानाच ज्यांना या गोळीवर आणले त्यांच्या एका गटात तो १९.६ टक्क्यांपर्यंत गेला. औषध न घेतलेल्यांत तो अजून क्वचितच दिसतो. नेव्हिरापीनच्या बाबतीतही आरंभ असाच झाला होता.

अशा वेळी २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत ९० दिवसांसाठी रोखण्याचा आदेश काढला. जीवरक्षक उपचारांना नंतर सूट दिली गेली. पण तोवर दवाखाने बंद पडले होते, माणसे कामावरून गेली होती. १ जुलै २०२५ रोजी ती मदतसंस्थाच संपवण्यात आली. दक्षिण आफ्रिका आपली औषधे बव्हंशी स्वतःच्या तिजोरीतून घेते, म्हणून तेथे गोळ्या एकदम थांबल्या नाहीत. गेले ते समुपदेशक, नोंदी ठेवणारे, औषध चुकवणाऱ्याच्या घरी जाऊन त्याला परत आणणारे. मोझांबिक, मलावी, युगांडा यांच्यासारख्या देशांची स्थिती अधिक नाजूक. तेथे औषधेही परक्याच्या पैशावर येत. मदत म्हणजे हक्क नव्हे, हे समाजवाद्यांना नव्याने शिकायचे नाही. पण एका देशाच्या एका सहीने दुसऱ्या खंडातील औषधरोधाचे प्रमाण वाढू शकते, हे परावलंबनाच्या आपल्या जुन्या विवेचनात नव्हते. ते आता घालायला हवे.

आपला संबंध येतो तो गोळ्या तयार करण्यापाशी. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट नाकारले, केवळ प्रक्रियेवर दिले. सिप्लाला ३५० डॉलरचा भाव देता आला तो त्या कायद्याच्या बळावर. जागतिक व्यापार संघटनेच्या अटींमुळे २००५ मध्ये पदार्थाचे पेटंट पुन्हा आले. संसदेत डाव्यांच्या रेट्यामुळे त्यात कलम ३(ड) आले, आणि पेटंट देण्यापूर्वी कोणालाही हरकत घेता येईल ही तरतूद टिकली. रुग्णांच्या संघटनांनी तिचा उपयोग केला आणि २००९ मध्ये टेनोफोव्हिरवरचे पेटंट भारतात नाकारले गेले. आज ह्लाबिसातील रोगी घेतो त्या गोळीत हेच टेनोफोव्हिर आहे. आता लेनाकॅपाविर हे वर्षातून दोनदा टोचण्याचे प्रतिबंधक औषध आले आहे. त्याच्या चाचण्या दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील तरुण मुलींवर झाल्या. अमेरिकेतील किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर. २०२७ पासून ते ४० डॉलरला देण्याचे जे करार सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, त्यांतील कारखाने पुन्हा भारतातलेच आहेत. पण या वेळी ते मूळ कंपनीच्या परवान्याने, तिने ठरवलेल्या देशांपुरतेच.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने पेटंट नियम बदलले. पेटंटपूर्व हरकतीला आता शुल्क आहे, आणि हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे आधी अधिकारी ठरवतो. पेटंटधारकाने आपला शोध देशात वापरात आणला की नाही, याचे निवेदन पूर्वी दरवर्षी द्यावे लागे. ते आता तीन वर्षांतून एकदा दिले की पुरते. या बदलाची आपल्या पक्षाच्या कोणत्याही ठरावात, माझ्या वाचनात तरी, एका ओळीचीही दखल नाही. जिल्हा समित्यांच्या बैठका पुढच्या महिन्यात आहेत. नियमांचा मजकूर मी बरोबर आणला आहे. ज्यांना हवा त्यांनी प्रश्नोत्तरांनंतर तो माझ्याकडून घ्यावा.